कोणता कॅमेरा घ्यावा?

आपल्या महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळात अधूनमधून माझे बोलणे होते. निवृत्त झाल्यावरही विद्यार्थी आठवणीने बोलावतात याचा आनंद वाटतो. मात्र विषय कोणताही असो, शेवटी प्रश्न ठरलेला : "सर, कोणता कॅमेरा घ्यावा?" दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून मी आजवर तो हसण्यावारी नेत आलो. यंदा वार्षिकाच्या संपादकांनी "तेच उत्तर लिहून द्या" असा आग्रह धरला, तेव्हा पळवाट उरली नाही.

प्रथमच सांगतो की मी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हे. इतिहास शिकवून पोट भरले आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशांत फोटो काढले. पन्नास वर्षांत पाच कॅमेरे हाताखालून गेले. खिशातला मोबाइल धरला तर सहा. प्रत्येक नवा कॅमेरा घेताना वाटे, आता चुका थांबतील. त्या थांबल्या नाहीत. त्यांची जागा तेवढी बदलली. जुन्या कॅमेऱ्यात होणारी चूक नव्यात होईनाशी होई आणि तिच्या जागी दुसरी, पूर्वी कधी न सुचलेली, येऊन बसे. तेव्हा पुढे दिलेली कॅमेऱ्यांची हकीकत ही बव्हंशी चुकांची हकीकत आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. मी आठवीत असताना, १९७३ साली, वडिलांनी तो घेऊन दिला. आम्ही वडिलांना अण्णा म्हणत असू. वाईला आमचे बिऱ्हाड होते आणि अण्णांचा पगार पाहता ती चैनच होती. बडोद्यात तयार होणारा हा काळा, हलका डबा त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून हटकून दिसे. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते बडोद्याच्याच कलाभवनात, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा कळले असते तर वर्गात त्यावरून मिरवलो असतो!

क्लिक थ्रीमध्ये करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. शटरचा वेग एकच, तोही संथ. भिंगाच्या कड्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रे. हवा पाहून कडे फिरवायचे. अंतर जुळवण्याची सोय नाही. साधारण दहा फुटांपलीकडचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट येई आणि त्याच्या अलीकडचे अंधुक. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. पाठीमागे तांबड्या काचेची एक खिडकी असे. तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल हाताने गुंडाळायचा. गुंडाळायला विसरलो तर कॅमेरा काही अडवीत नसे. तो मुकाट्याने पहिल्याच चित्रावर दुसरे चित्र घेई. ढोल्या गणपतीच्या देवळावर आमच्या आत्याबाई बसलेल्या आहेत, असे एक चित्र माझ्यापाशी अजून आहे. आत्याबाई हयात होत्या तोवर ते मी कोणाला दाखवले नाही.

रोलच्या खोक्यात एक चिठ्ठी निघे. कडक ऊन असेल तर काय, पातळ ढग असतील तर काय, सावलीत काय, याचे कोष्टक तिच्यावर छापलेले असे. मी ते पाठ केले. पुढे त्याचे शास्त्र कळले ते असे : भर उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या आकड्याइतका धरावा. फिल्म १२५ ची असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. ढग आले की छिद्र एक पायरी मोठे, दाट सावली आली की आणखी दोन-तीन पायऱ्या. एवढ्या भांडवलावर माणसाला प्रकाश मोजण्याच्या यंत्रावाचून जन्म काढता येतो. क्लिक थ्रीवर यांतले काहीच बदलता येत नव्हते हे खरे. पण बदलता येत नाही म्हणूनच मी आकाशाकडे पाहू लागलो. फोटो काढायचा तर ऊन केव्हा येते याची वाट पाहावी लागे, आणि वाट पाहताना उन्हाचे प्रकार कळू लागले.

त्या काळचा दुसरा नियम म्हणजे सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी हवा. त्यामुळे आमच्या अल्बममधली झाडून सारी माणसे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी आहेत. १९७४ च्या उन्हाळ्यात वाड्याच्या दारात अण्णांचा सायकलीसह फोटो घेतला, त्यातही तसेच. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आहे की उन्हाचा त्रास, हे आजही सांगता येत नाही. या फोटोकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

मॅट्रिकनंतरच्या सुट्ट्यांत गावातल्या एका स्टुडिओत मी उमेदवारी केली. मालकांना सारे गाव काका म्हणे. त्यांच्याकडे दोन भिंगांचा याशिका होता आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो हाताळायची मुभा होती. यात वरच्या भिंगाने पाहायचे आणि खालच्या भिंगाने चित्र घ्यायचे. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून घाशीव काचेत पाहिले की जग तेथे अवतरे, पण डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. बैलगाडी उजव्या हाताला चालली की काचेत ती डावीकडे सरके. तिच्यामागे कॅमेरा फिरवावा तर गाडी चौकटीबाहेरच! कृष्णेच्या घाटावर महिनाभर सराव केल्यावर हात वळला. दोन भिंगे एकमेकांच्या वर असल्याने जवळच्या वस्तूचा फोटो घेताना डोळ्याला दिसते ते आणि फिल्मवर उमटते ते यांत अंतर पडते. मेणवलीच्या घाटावरच्या पोर्तुगीज घंटेचा मी जवळून फोटो घेतला, तेव्हा काचेत घंटा पुरी दिसत होती. निगेटिव्हवर तिचा माथा कापला गेला. काका म्हणाले, "वरच्या डोळ्याने बघतोस आणि खालच्या डोळ्याने खातोस. दोघांची भेट घालून दे." म्हणजे पाहून झाल्यावर दोन भिंगांतल्या अंतराइतका कॅमेरा वर उचल.

पण काकांचे खरे ऋण आहे ते अंधाऱ्या खोलीचे. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स यांचे द्रावण, त्यानंतर हायपो, त्यानंतर धुणे, आणि हायपो निघून जाईपर्यंत धुतच राहणे. द्रावण वीस अंश सेल्सिअसला असावे असे पुस्तक सांगे. वाईच्या मे महिन्यात वीस अंश कोठून आणायचे? काका माठातले पाणी परातीत घेत आणि बाटल्या त्यात बसवून ठेवत. कागदावर छाप काढताना तांबडा दिवा चालतो, कारण ब्रोमाइड कागदाला तांबडा रंग दिसत नाही. फिल्मला तो दिसतो, म्हणून फिल्म पूर्ण अंधारात, हातांच्या अंदाजाने चढवायची. ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर पहिल्यांदा चेहरा उमटताना पाहिला ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. जेथे फिल्मला प्रकाश मिळाला तेथे चांदी काळी होते, जेथे मिळाला नाही तेथून ती हायपोत विरघळून जाते आणि फिल्म कोरी राहते. हे पाठ्यपुस्तकातले वाक्य काकांनी इतक्यांदा ऐकवले की कंटाळा आला होता. त्याचा पुरता अर्थ कळायला १९८४ साल उजाडावे लागले.

१९८२ साली, एम.ए. करता करता शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून मी एक वापरलेला झेनिट-ई घेतला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे बनणारा हा रशियन कॅमेरा वजनाला वरवंट्यासारखा आणि आवाजाला कडीकोयंड्यासारखा. पण त्याला एक भिंग होते, आणि पाहायचे व चित्र घ्यायचे ते त्याच भिंगातून. मधला आरसा क्षणभर वर उचलला जाई आणि मागचा पडदा सरके. वरच्या डोळ्याची आणि खालच्या डोळ्याची भेट येथे कारखान्यातच घालून दिलेली होती.

छिद्राचे आकडे मला खरे समजले ते या कॅमेऱ्यावर. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका नवशिक्याला चमत्कारिक वाटते. आकडा वाढतो आणि छिद्र लहान होते! पण तो आकडा हा भागाकार आहे. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. झेनिटच्या हेलिओस भिंगाचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर. २ या आकड्यावर छिद्र २९ मिलिमीटरचे, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून मोठे, आणि ८ वर जेमतेम सव्वासात मिलिमीटरचे. प्रकाश क्षेत्रफळावर अवलंबून, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. म्हणून प्रत्येक पायरीला दोनाने नव्हे, तर दोनाच्या वर्गमुळाने, सुमारे १.४ ने, गुणायचे. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये. मीही कलाशाखेचाच.

या भिंगावर दोन कडी होती. एक कडे छिद्राचा आकडा ठरवून ठेवी आणि दुसऱ्याने छिद्र प्रत्यक्ष उघडायचे-मिटायचे. उघड्या छिद्राने दृश्य स्पष्ट जुळवायचे, मग कडे फिरवून छिद्र मिटायचे, मग बटण दाबायचे. कडे फिरवताना डोळ्यांदेखत चौकटीत अंधार दाटत जाई आणि त्याच वेळी पाठीमागचे अंधुक झाड, भिंत, वीट न् वीट ठळक होत जाई. लहान छिद्राने खोलवरचे स्पष्ट दिसते, हा नियम मी वाचला होता. येथे तो दोन बोटांनी घडवता येई. पुढच्या कॅमेऱ्यांनी हे कडे काढून टाकले, सारे आपोआप होऊ लागले, आणि नव्या मुलांना हाच नियम समजावताना मला फळ्यावर आकृत्या काढाव्या लागू लागल्या.

फिल्म पूर्व जर्मनीची ओर्वो, नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. तो कारखाना पुढे बंद पडला. ओर्वोवर एनपी २२ असे लिहिलेले असे, त्यातला २२ हा जर्मन मापातला वेग, म्हणजेच १२५. या मापात तीन अंक वाढले की वेग दुप्पट. झेनिटच्या माथ्यावर प्रकाशमापकाची मधाच्या पोळ्यासारखी काच होती. आत सेलेनियम, उजेड पडला की स्वतःच वीज निर्माण करून काटा हलवणारे. बॅटरी नको. मात्र संध्याकाळ झाली की काटा झोपे, आणि मग रोलच्या खोक्यातली जुनी चिठ्ठी आठवावी लागे.

मे १९८४ मध्ये धाकट्या बहिणीचे लग्न झाले. घरात झेनिट असताना फोटोवाला कशाला, असे मीच म्हणालो. फ्लॅशगन मित्राची आणली. कॅमेऱ्याच्या वेगाच्या चकतीवर ३० या आकड्याजवळ फ्लॅशची खूण होती. मला वाटले, इतक्या संथ वेगाने हात हलला तर सारे फोटो हलतील. म्हणून खबरदारी घेतली आणि वेग ६० वर ठेवला. ती खबरदारीच नडली.

कारण सांगतो. अशा कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढे कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्यामागून सरकतो आणि ती झाकतो. वेग संथ असेल तर मध्ये असा एक क्षण येतो की संपूर्ण चौकट उघडी असते, आणि फ्लॅश त्या क्षणी उडतो. झेनिटचे पडदे सावकाश चालणारे. ३० पेक्षा जास्त वेग ठेवला की पहिला पडदा पैलतीराला पोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. फ्लॅश उडतो तेव्हा निम्मी चौकट झाकली गेलेली असते. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. ती काही दुसऱ्या निम्म्यासाठी थांबत नाही. दिवसाउजेडी हे ध्यानात येणार नाही, कारण प्रकाश सतत असतो. पण आमचे कार्यालय होते अंधारे आणि मुहूर्त होता गोरज.

रोल मीच धुतला. छत्तीसच्या छत्तीस चित्रांत निम्मा भाग स्वच्छ कोरा. कोठे नवरी उजेडात आणि नवरा काळोखात, कोठे अर्धे भटजी, कोठे अंतरपाटाचे एक टोक. कन्यादानाचे एकच चित्र होते. आईने धरलेली झारी, पाण्याची धार, अण्णांची ओंजळ मनगटापर्यंत, तिच्याखाली जावयाची ओंजळ आणि खाली पाहणारी बहीण. मनगटामागे काळोख. अण्णा घरात कोणाला काही बोलले नाहीत. मला एवढेच म्हणाले, "हात आलेत ना." १९८६ साली ते गेले.

पुढचे कॅमेरे मी भराभर सांगतो, कारण त्यांनी शिकवले ते कमी. १९९७ मध्ये निकॉन एफएम-१० घेतला. पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. चौकटीत अधिक, शून्य, उणे असे तीन दिवे. शून्याचा लागला की दाबा. फ्लॅशची खूण १२५ वर. हे पडदे धातूचे आणि उभे चालणारे. त्यांना अंतर कमी, म्हणून वेग जास्त. (दुकानात मी पहिला प्रश्न याचाच विचारला.) पुढच्याच वर्षी रायगडावर इतिहास विभागाची सहल गेली. छत्तीसांचा रोल संपून आकडा चाळिसावर गेला तेव्हा मी मनातून चपापलो. फिल्मचे टोक आतल्या चाकात अडकलेलेच नव्हते. आकडा मोजतो तो खटका ओढल्याचे. फिल्म सरकल्याचे नव्हे. खटका ओढताना डावीकडची रोल परत गुंडाळायची चकतीही फिरते की नाही, हे पाहावे. ती फिरत असेल तरच फिल्म चालली आहे. त्या सहलीतल्या विद्यार्थ्यांना मी फोटो दिले नाहीत याचे कारण आज प्रथमच जाहीर करीत आहे.

२००७ मध्ये निकॉन डी-४० आला. फिल्म गेली, धुणे गेले, चाळिसाव्या फोटोची भीती गेली. गंमत म्हणजे एफएम-१० चे जुने भिंग या कॅमेऱ्यावर बसे, पण बसले की प्रकाशमापक बंद पडे. जुन्या भिंगाशी बोलण्याची भाषाच त्याला येत नव्हती. मी वेग २०० असल्याचे पाहिले, आकाशाकडे पाहिले, छिद्र ८ आणि शटर ८०० ठेवले. फोटो उत्तम आला! चौतीस वर्षांपूर्वीची खोक्यातली चिठ्ठी संगणकाच्या युगात उपयोगी पडली. चूक येथेही झालीच, पण कॅमेऱ्याबाहेर. सारे फोटो संगणकाच्या एकाच तबकडीवर ठेवले होते. २०१२ मध्ये ती बंद पडली आणि पाच वर्षांचे एकूणएक फोटो गेले. आईच्या अखेरच्या वर्षांतले त्यांतच होते. १९७४ चे निगेटिव्ह मात्र बिस्किटांच्या डब्यात आजही शाबूत आहे. तेव्हा जे ठेवायचे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि थोड्यांचे कागदावर छाप काढा.

मोबाइलविषयी नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. त्याचे छिद्र बदलत नाही, भिंग इवलेसे. म्हणजे एका अर्थी तो क्लिक थ्रीचाच वंशज. १८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांचा कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा गिऱ्हाइकाने बटण दाबायचे आणि कॅमेराच कारखान्यात पाठवून द्यायचा, अशी व्यवस्था होती. आज तो कारखाना खिशात आहे. एका दाबण्यात मोबाइल अनेक चित्रे घेतो, त्यांतले चांगले चांगले जुळवतो, अंधार उजळतो, हललेला हात सावरतो. फक्त त्याने काय ठरवले हे तो सांगत नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीत आपली चूक कोठे झाली हे शोधता येत नाही.

तर कोणता कॅमेरा घ्यावा? जो हाती आहे तो. पैसे असतील आणि शिकायची हौस असेल तर असा घ्यावा की ज्यावर छिद्र, वेग आणि अंतर या तीन गोष्टी हाताने ठरवता येतात. जुना असला तरी चालेल. भिंगाला बुरशी लागलेली नाही एवढे मात्र उजेडासमोर धरून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हटकून लागते. आणि लग्नाला नेण्यापूर्वी एक रोल घरी वाया घालवावा.

लग्नाच्या त्या चित्राचे पुढे काय झाले तेही सांगतो. बहिणीने ते मला अनेकदा मागितले, "दादा, तो काळा भाग जरा उजळून दे ना." मी दिव्यासमोर निगेटिव्ह धरून दाखवले. तेथे चांदीचा कण नाही, उजळायचे काय? गेल्या दिवाळीत तिच्या नातीने ते चित्र संगणकाला दिले, सोबत १९७४ चा सायकलीचा फोटो दिला, आणि पाच मिनिटांत काळोखाच्या जागी अण्णा उभे राहिले. उपरणे, रेशमी सदरा, मागे मंडपाची झालर, सारे यथास्थित. ओंजळही मनगटाशी बेमालूम जोडलेली. फक्त कन्यादान करताना अण्णा डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून बघत आहेत, भर उन्हात उभे असल्यासारखे. अंधाऱ्या कार्यालयात, गोरज मुहूर्तावर.

मी ते बहिणीला बोलून दाखवले. म्हटले, अण्णा त्या वेळी असे दिसत नव्हते.

ती म्हणाली, "दादा, तू समोर होतास, तू पाहिलेस. मी खाली बघत होते."

पुण्यात तिच्या दिवाणखान्यात ते नवे चित्र लावले आहे. निगेटिव्ह माझ्यापाशी, डब्यात आहे.